लक्ष्मी रोडवर एक दिवस : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

पुण्याच्या लक्ष्मी रोडवर खरेदीला, फिरायला किंवा नुसतं बघायला येणाऱ्यांचे बरेच प्रश्न या वेळी आमच्याकडे आले. त्यांतले निवडक प्रश्न आणि उत्तरं खाली देत आहोत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आम्ही चौघं साताऱ्याहून एका दिवसासाठी येणार आहोत. मंडई, तुळशीबाग आणि लक्ष्मी रोड एवढं सगळं एका दिवसात होईल का? गाडी कुठे लावावी? (एक वाचक, सातारा)

होईल, पण गाडी पेठेत आणायचा विचार सोडा. साताऱ्याहून येताना स्वारगेट आधी लागतं आणि तिथून मेट्रोचं पुढचंच स्टेशन मंडई. हा भुयारी टप्पा सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला आणि तेव्हापासून या भागात येण्याचा सगळ्यात बिनघोर मार्ग हाच आहे. एसटीने आलात तर गाडीचा प्रश्नच उरत नाही. गाडी आणणं भागच असेल तर मंडईजवळ मिनर्वा आणि आर्यन हे दोन बहुमजली वाहनतळ आहेत. शनिवार-रविवारी संध्याकाळी तिथे रांग लागते, म्हणून अकराच्या आत पोचा. लक्ष्मी रोड एकेरी आहे. वळण चुकलं की सगळ्या पेठेला वळसा घालून परत यावं लागतं आणि त्यात अर्धा तास सहज जातो. दुचाकी रस्त्याकडेला लावणाऱ्यांनी आधी सम-विषम तारखेची पाटी वाचावी. बहुतेक गाड्या उचलल्या जातात त्या ही पाटी न वाचल्यामुळे.

दुकानं साडेदहा-अकराच्या सुमारास उघडतात. तुम्ही दहाला या आणि पहिला तास मंडईला द्या. १८८६ साली बांधलेली ही दगडी इमारत मधोमध अष्टकोनी आहे आणि तिच्या भुजा बाहेर पसरलेल्या आहेत. बांधली तेव्हा तिचं नाव रे मार्केट होतं. नगरपालिकेचे सदस्य असताना ज्या महात्मा फुल्यांनी या खर्चाला विरोध केला, त्यांचंच नाव पुढे तिला दिलं गेलं. आत भाजीचे गाळे सकाळी ताजे असतात, पण भाजी आत्ता घेऊ नका. दिवसभर ओझं वागवावं लागेल.

अकराला तुळशीबागेत शिरा. बांगड्या, पिना, टिकल्या, कानातली अशी हलकी खरेदी आधी उरका. मग बेलबाग चौकात येऊन लक्ष्मी रोडने अलका टॉकीजकडे निघा. हे अंतर जेमतेम दीड किलोमीटर आहे, न थांबता वीस मिनिटांचं. जाताना एका बाजूची दुकानं करा, येताना दुसऱ्या बाजूची. सारखा रस्ता ओलांडत राहिलात तर पाय दुखतात आणि वेळही जातो. तांब्या-पितळेची जड भांडी आणि भाजी परत आल्यावर सगळ्यात शेवटी घ्या, कारण मेट्रो तिथून हाकेच्या अंतरावर आहे.

सोमवार टाळा. त्या दिवशी बरीच दुकानं बंद असतात. काही जुनी दुकानं दुपारी एक ते चार बंद ठेवण्याची रीत अजून पाळतात, त्यामुळे एखाद्या ठरावीक दुकानासाठीच येत असाल तर निघण्यापूर्वी फोन करा. मंगळवार ते गुरुवार, सकाळी अकरा ते एक ही या रस्त्यावरची सगळ्यात निवांत वेळ. दुकानदारालाही तेव्हा तुमच्याशी बोलायला सवड असते.

प्रश्न : मुलीच्या लग्नाचा बस्ता लक्ष्मी रोडवरच बांधायचा आहे. एका दिवसात आटोपेल का? आणि पैठणी खरी की यंत्रमागावरची, हे आम्हाला कसं कळणार? (एक वाचक, नाशिक)

एका दिवसात सगळा बस्ता उरकायचा हट्ट धरलात, तर शेवटच्या दहा साड्या कंटाळ्यापोटी घेतल्या जातात आणि नंतर त्यांच्यावरूनच रुसवे होतात. दोन दिवस ठेवा. पहिल्या दिवशी फक्त नवरीचं : शालू किंवा पैठणी, पिवळी साडी आणि स्वागतसमारंभाची साडी. दुसऱ्या दिवशी मानपान आणि पुरुषांचे कपडे. पहिल्या दिवशी चारपेक्षा जास्त माणसं नेऊ नका. आठ जणांची आठ मतं पडतात आणि नवरीचं मत त्यांत हरवतं.

घरून याद लिहून न्या. प्रत्येक नावापुढे नातं, रकमेची मर्यादा आणि साडी नऊवारी की सहावारी हे लिहा. मानपानाच्या साड्या एका रकमेच्या गटाने एकाच दुकानातून घ्या आणि प्रत्येक गटात दोन साड्या जास्त ठेवा, कारण ऐनवेळी एखादं नाव राहून गेलेलं आठवतंच. न वापरलेली साडी किती दिवसांत बदलून मिळेल, हे पावतीवर लिहून घ्या. तोंडी आश्वासन देणारा विक्रेता पुढच्या खेपेला गल्ल्यावर असेलच असं नाही.

मापाचंही सांगतो. सहावारी साडी सुमारे साडेपाच मीटर असते. ब्लाउजपीस जोडलेलं असेल तर त्यात साधारण ८० सेंटिमीटरची भर पडते. नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटर. उंच किंवा अंगाने भरलेल्या बाईसाठी साडेपाच मीटर कमी पडतात, निऱ्या चारच येतात. दुकानातच लांबी मोजून मागा, त्यात संकोच कसला? ब्लाउज शिवून घ्यायला लग्नाच्या हंगामात तीन ते चार आठवडे लागतात आणि फॉल-पिकोला वेगळे दिवस. म्हणून लग्नाआधी निदान दोन महिने बस्ता व्हायला हवा. तारीख लांबची असेल तर आषाढ साधा. लग्नं थांबलेली असतात, दुकानांत सेल लागतात आणि गर्दीही कमी असते.

आता पैठणी. पदर उलटा करून बघा. हातमागावरच्या पैठणीत मोर, मुनिया, आसावली, जे काही असेल ते उलट बाजूलाही तितकंच स्वच्छ दिसतं. विणकर प्रत्येक रंगाचा धागा नक्षीच्या कडेला अडकवून परत फिरवतो, त्यामुळे मागे सुटे धागे लोंबत नाहीत. यंत्रमागावर नक्षीचे धागे मागून आडवे धावतात. ते कापलेले असतात, नाहीतर त्यांना सांभाळायला मागे जाळी लावलेली असते. जाळी दिसली की साडी यंत्रमागाची, मग लेबलावर काहीही लिहिलेलं असो. ‘सेमी पैठणी’ म्हणून ती योग्य भावात विकत असतील तर त्यात काही गैर नाही. रोजच्या कार्याला ती चांगलीच दिसते. गैर आहे ते तिला हातमागाचा भाव लावणं.

रेशमासाठी सिल्क मार्कचं लेबल बघा. शंका असेल तर साडीच्या टोकाचा एक धागा मागून घ्या आणि घरी जाळून पाहा. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरडते. पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. पाव्हणेरावळे आणि झगमगाटात हे राहून जातं, म्हणून शालूपुरतं तरी पहिल्या दिवशी धागा घेऊन दुसऱ्या दिवशी पैसे द्या. रंग मात्र दुकानाच्या दारात, उन्हाच्या उजेडात बघितल्याशिवाय पक्का करू नका. आतल्या दिव्यांखाली वांगी रंग मरून दिसतो आणि राणी रंग लालसर भासतो.

प्रश्न : तुळशीबागेतून काचेच्या बांगड्या आणल्या की एक तर घट्ट होतात, नाहीतर हातातून गळतात. माप कसं सांगावं? (एक वाचक, ठाणे)

बांगडीचं माप दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ असं सांगतात. दुसरा आकडा इंचाचा सोळावा भाग असतो. म्हणजे दोन-चार ही आतून सव्वादोन इंच (५७ मिलिमीटर), दोन-सहा ६० मिलिमीटरच्या थोडी वर आणि दोन-आठ अडीच इंच (साडेत्रेसष्ट मिलिमीटर). घरी नीट बसणारी एखादी बांगडी असेल तर पट्टीने तिचा आतला व्यास मोजा आणि तोच सांगा. बाहेरून मोजलंत तर काचेची जाडी धरली जाऊन माप एका घराने चुकतं.

सोन्याच्या किंवा धातूच्या बांगडीचं माप काचेला जसंच्या तसं चालत नाही. धातूची बांगडी थोडी दाबून चढवता येते, काच दाबता येत नाही. मनगटापेक्षा अंगठ्याच्या मुळाशी असलेला उंचवटा बांगडीला अडवतो, म्हणून माप त्याचंच असतं. कासाराकडून भरून घेणं सगळ्यात चांगलं. अंगठा तळहाताकडे दुमडायचा आणि हात पूर्ण ढिला सोडायचा. आपण भीतीने हात ताठ केला की काच फुटते. दिवसभर चालल्यावर हात थोडे सुजतात, त्यामुळे बांगड्या सकाळी भरा.

प्रश्न : लक्ष्मी रोडवरच्या सराफाकडून मंगळसूत्र घ्यायचं आहे. हॉलमार्क बघा म्हणतात, पण नेमकं काय बघायचं? (एक वाचक, सोलापूर)

तीन खुणा बघायच्या : बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) त्रिकोणी चिन्ह, शुद्धतेचा आकडा (२२ कॅरेटला ९१६) आणि सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी क्रमांक. १ एप्रिल २०२३ पासून या क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. प्रत्येक नगाचा क्रमांक वेगळा असतो. दुकानात बसूनच ‘बीआयएस केअर’ या ॲपमध्ये तो टाका. दागिन्याचा प्रकार, शुद्धता आणि सराफाची नोंदणी समोर येते. मंगळसूत्राचा क्रमांक टाकून अंगठीची माहिती आली तर तो नग घेऊ नका. अक्षरं बारीक असतात, सराफाकडे भिंग मागा. चांगला सराफ ते आपणहून पुढे करतो. दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्यांना ही सक्ती नाही, त्यामुळे सुट्या वाट्या किंवा मणी घेताना पावतीवर शुद्धता लिहून घ्या.

मंगळसूत्रात लोक खरे फसतात ते वजनात. काळे मणी आणि दोरा यांचं वजन सोन्याच्या भावात धरलं जाता कामा नये. पावतीवर एकूण वजन आणि निव्वळ सोन्याचं वजन वेगवेगळं हवं, मजुरीही वेगळी लिहिलेली हवी. हॉलमार्किंगचं शुल्क एका नगाला ४५ रुपये आणि त्यावर कर एवढंच असतं. त्या नावाखाली शेकडो रुपये लावले असतील तर विचारा. मोडीचा भाव काय लावणार, हेही घेतानाच विचारून ठेवा.

प्रश्न : आईवडील पंच्याहत्तरीचे आहेत. त्यांना या रस्त्यावर फिरायची फार हौस आहे, पण बसायला जागाच नाही. (एक वाचक, कोथरूड)

रस्त्यावर बाकं जवळजवळ नाहीत, ही तक्रार रास्तच आहे. पण दर दहा मिनिटांच्या चालीवर टेकता येईल असा मार्ग आखता येतो. तुळशीबागेतल्या गर्दीतून राममंदिराच्या आवारात शिरलं की आवाज एकदम कमी होतो. नारो आप्पाजी तुळशीबागवाले यांनी अठराव्या शतकात उभारलेल्या या देवळाचं उंच शिखर बाजारातून अर्धंच दिसतं, आवारात बसून ते पूर्ण बघता येतं. दुसरा थांबा बेलबागेतलं नाना फडणविसांचं विष्णूमंदिर. तिसरा बाजीराव रस्त्यावरचा विश्रामबागवाडा. दुसऱ्या बाजीरावाने १८०७च्या सुमारास बांधलेल्या या वाड्याची लाकडी दर्शनी बाजू आणि सुरूच्या आकाराचे खांब त्यांना नक्की दाखवा. देवळांत चपला काढाव्या लागतात. ज्येष्ठांना बंद-पट्ट्यांच्या ऐवजी सहज निघणाऱ्या, पण मागे पट्टा असलेल्या चपला घाला. नुसत्या स्लीपर फुटपाथच्या उंचसखल फरशांवर घसरतात.

कोथरूडहून वनाझ मार्गाच्या मेट्रोने येऊन जिल्हा न्यायालय स्थानकात गाडी बदलता येते. तिथला भुयारी फलाट जमिनीखाली सुमारे ३३ मीटर आहे, म्हणून लिफ्टनेच उतरा आणि बदलायला दहा मिनिटं धरा. स्वच्छतागृहाची चिंता असेल तर मंडई स्थानकातलं वापरून मगच बाहेर पडा. चहा आणि खाणं दोन-अडीच तासांनी तरी हवंच. तुळशीबागेत श्रीकृष्ण भुवनची मिसळ जुन्या माणसांच्या ओळखीची आहे, तिखट कमी हवं असेल तर कट वेगळा मागा. जवळपासच्या अमृततुल्यात चहा आधीच गोड असतो. मधुमेह असलेल्यांनी ‘बिनसाखरेचा’ असं सांगून वेगळा करून घ्यावा. नुसतं ‘कमी साखर’ म्हटल्याने काही होत नाही, कारण साखर आधणातच पडलेली असते.

एक लिफ्ट बंद असणं, एक पावसाची सर, एवढ्यावर वृद्ध माणसाचा दिवस मोडतो. म्हणून परतीची रिक्षा लक्ष्मी रोडवरून नव्हे, बाजीराव रस्त्यावरून किंवा शनिपाराकडून धरायची, हे आधीच ठरवून ठेवा.

प्रश्न : पितळी पातेली घ्यावीत असं मनात आहे. घेताना काय बघावं? (एक वाचक, बेळगाव)

वजन आणि कल्हई. पितळ वजनावर विकलं जातं, तेव्हा काटा शून्यावर असताना भांडं ठेवायला सांगा. बुडाची जाडी काठापेक्षा जास्त हवी. पातळ बुडाचं पातेलं गॅसवर तापून वाकतं आणि मग पदार्थ मधोमध लागतो. आतून रुपेरी, एकसारखी कल्हई असली पाहिजे. कल्हई नसलेल्या पितळेत आमटी, ताक, टोमॅटो असं आंबट काही ठेवलं तर ते कळकतं, म्हणजे धातू पदार्थात उतरतो, चव बिघडते आणि पोटालाही त्रास होतो. आत पिवळेपणा दिसू लागला की पुन्हा कल्हई करून घ्या. रिकामं भांडं आचेवर ठेवू नका, कथिल कमी उष्णतेला वितळतं आणि कल्हई गोळा होऊन बसते. तारेच्या घासणीनेही ती निघते.

तांब्याच्या पाण्याच्या भांड्याला कल्हई लागत नाही, पण त्यात लिंबूपाणी किंवा ताक ठेवू नये. फार चकचकीत दिसणाऱ्या नव्या भांड्यावर कधीकधी लाखेचा पातळ थर असतो. तो पिण्याच्या भांड्यात नको, विचारून घ्या. मठाराकाम केलेलं, म्हणजे हातोडीने ठोकून टणक केलेलं भांडं हवं असेल तर पंधरा-वीस मिनिटं चालून कसब्यातल्या तांबट आळीत जा. तिथे ते घडताना बघायला मिळतं.

प्रश्न : या रस्त्याचे फोटो काढायचे आहेत. कोणती वेळ, कोणती जागा? (एक वाचक, कोल्हापूर)

हिवाळ्याची संध्याकाळ. रस्ता पूर्व-पश्चिम आहे, पश्चिमेकडे किंचित नैर्ऋत्येला झुकलेला. डिसेंबर-जानेवारीत मावळतीचा सूर्य अलका टॉकीजच्या बाजूला जवळजवळ रस्त्याच्या रेषेत उतरतो आणि सगळी गर्दी पाठीमागून उजळते. त्याच दिवसांत दुपारी सूर्य दक्षिणेला असतो, म्हणून उत्तर बाजूच्या जुन्या इमारतींचे सज्जे आणि कठडे चांगले दिसतात. मेच्या मध्यात मात्र सूर्य थेट डोक्यावर येतो. तेव्हा दुपारचे फोटो सपाट येतात आणि माणसांच्या डोळ्यांत काळोख दिसतो.

पहिल्या मजल्यावर बघायला विसरू नका. खाली काच आणि पाट्या बदलल्या, वर अजून लाकडी तुळया आणि नक्षीचे कंस टिकून आहेत. माणसांचे जवळून फोटो काढायचे तर विचारा. सराफी दुकानांच्या आत कॅमेरा काढू नका. वाहनांचा अडथळा नको असेल तर ११ डिसेंबरला या. पादचारी दिनानिमित्त महापालिका त्या दिवशी नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक एवढा भाग वाहनांना बंद ठेवते. २०२१ पासून हा उपक्रम होतो आहे आणि वर्षातून एकदाच का होतो, हा प्रश्न प्रत्येक पुणेकराने विचारायला हवा.

प्रश्न : फुटपाथ फेरीवाल्यांनी भरलेला असतो. चालायचं कुठून? त्यांना हटवत का नाहीत? (एक वाचक, सदाशिव पेठ)

चालायला अडचण होते हे खरं. पण पथारीवाल्यांचा धंदा कायद्याने मान्य केलेला आहे. २०१४च्या पथविक्रेता कायद्यानुसार नगर पथविक्रेता समिती असते, तिच्यात विक्रेत्यांचे प्रतिनिधी किमान ४० टक्के असावे लागतात, दर पाच वर्षांनी सर्वेक्षण व्हायला हवं आणि प्रमाणपत्र मिळालेल्याला ठरवून दिलेल्या जागेवर बसायचा हक्क आहे. सर्वेक्षण आणि जागांची आखणी रखडली की प्रमाणपत्र असलेला आणि नसलेला एकाच फुटपाथवर येतात. भांडण तिथून सुरू होतं.

दुसरीकडे, फुटपाथवर चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी असावी असं भारतीय रस्त्यांसाठीचं मानक आहे. चाकाच्या दोन खुर्च्या समोरासमोर जाऊ शकतील एवढी ती रुंदी. तक्रार करताना ‘फेरीवाले हटवा’ असं न लिहिता, कुठल्या चौकात कुठल्या दुकानासमोर किती रुंदी उरली आहे, ते टेपने मोजून फोटोसह क्षेत्रीय कार्यालयाला लिहा. मोजायला गेलात की दिसेल, निम्मी जागा पक्क्या दुकानांच्या पायऱ्या, बाहेर काढलेले पुतळे आणि लावलेल्या दुचाकींनी खाल्लेली असते. ते हटवणं सोपं आहे आणि त्यात कुणाची भाकरी जात नाही. हा रस्ता जिवंत आहे तो पथारीवाल्यांमुळेही.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीहून येतो आहोत. आठ वर्षांच्या मुलाला विसर्जन मिरवणूक दाखवायची आहे. कुठे उभं राहावं? (एक वाचक)

मिरवणूक सकाळी मंडईतल्या टिळक पुतळ्यापासून निघते. आधी मानाचे पाच गणपती येतात : कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा. बेलबाग चौकातून ते लक्ष्मी रोडला लागतात आणि अलका टॉकीज चौकाकडे जातात. सगळी मिरवणूक संपायला चोवीस तासांहून जास्त लागतात. मुलासाठी दिवसाची वेळच बरी. मानाचे गणपती बघा, ढोल-ताशाची एक-दोन पथकं ऐका आणि अंधार पडायच्या आत निघा. रोषणाईचे रथ रात्री येतात, पण तेव्हाची गर्दी लहान मुलाच्या उंचीला झेपणारी नाही.

बेलबाग आणि अलका हे दोन्ही चौक टाळा. चारही बाजूंनी लोंढे येतात. मधला सरळ भाग, कुंटे चौक ते विजय टॉकीज, त्यातल्या त्यात बरा. परत कुठे जायचं आहे ते ठरवून त्याच बाजूच्या फुटपाथवर उभे राहा. डेक्कन किंवा नदीकडे जायचं असेल तर उत्तर बाजू, टिळक रस्ता किंवा स्वारगेटकडे असेल तर दक्षिण बाजू. मिरवणूक सुरू झाली की रस्ता ओलांडायला तासन् तास मिळत नाही आणि बहुतेक कुटुंबं अडकतात ती याच कारणाने. बाहेर पडायची गल्ली पाठीशी असू द्या, पण तिच्या तोंडावर उभे राहू नका. पोलीस आणि रुग्णवाहिका तिथूनच येतात.

दोन्ही बाजूंना उंच इमारती असल्याने ढोलाचा आवाज आदळून परत येतो. मुलाच्या कानांना फोमच्या बोळ्यांपेक्षा कान झाकणारे इअरमफ घाला. त्याच्या हातावर पेनाने पालकांचा भारतातला क्रमांक लिहा. गर्दीत फोन लवकर लागत नाहीत, म्हणून चुकामूक झाली तर जवळच्या पोलीस मदत केंद्रात थांबायचं, हे त्याला आधीच दाखवून ठेवा. प्रत्येकाला अर्धा लिटर पाणी, खिशात थोडे सुटे पैसे, पाठीला लावायची पिशवी पोटावर. त्या दिवशी मेट्रो नेहमीपेक्षा उशिरापर्यंत चालते, वेळापत्रक आदल्या दिवशी बघून घ्या. मंडई आणि कसबा पेठ स्थानकांवर रेटारेटी होते, तेव्हा मुलाला घेऊन परतताना डेक्कन स्थानक धरा. लकडी पुलावरून चालत जाता येतं.